गाडी गार ठेवतों

मामा, तुमच्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे आणि जिथे तुमची पांढरी गाडी उभी असायची तिथे लिफ्टचं दार आलंय. गेल्या महिन्यात मैलापूरला गेले होते तेव्हा मुद्दाम आत डोकावून पाहिलं. बटण दाबल्याबरोबर लिफ्ट निमूट खाली आली आणि मला उगाचच तिचा राग आला. त्या जागेवर सकाळच्या वेळी काहीही इतक्या सहज चालू झालेलं मला खपत नाही. तशी तुमची गाडी एकदा महिनाभर रोज सकाळी पहिल्या झटक्यात चालू होत होती, आणि ती तशी का होत होती हे तुम्हाला सांगायचं माझं राहून गेलंय. तीस वर्षं ती गोष्ट पोटात होती. तिथेच राहिली असती, पण वेलचेरीतल्या एका गाडीने ती बाहेर काढली. आजार तुमच्या गाडीचाच होता. दिवसभर शहाण्यासारखी चालायची, आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू व्हायला रडायची.

मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नवरा रेल्वेत, लग्नाला चार महिने झालेले, सांगलीहून थेट तुमच्या मागच्या दोन खोल्यांत. तमिळचा गंध नव्हता. खोल्या देताना तुम्ही एवढंच विचारलंत, "घरांत मराठी बोलतां ना? मग झालं." तुमचं घराणं तंजावरचं. तुमची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, हे आपली थट्टा करताहेत. आमच्याकडे असं फक्त कीर्तनकार बोलायचे. त्यात मध्येच 'सेरि' यायचं, म्हणजे 'बरं', आणि गाडीला तुम्ही कधी गाडी म्हणाला नाहीत, ती तुमची 'वंडी'. मामींना उलट माझीच मराठी भांडल्यासारखी वाटायची. खरं सांगायचं तर मी थोडी भांडतच असे. नवरा सकाळी सातला जाई, मग दिवसभर मी आणि भिंती. तुम्ही बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला होता आणि आवारात ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या बघत होता. पाना हवा तर पाना, कापड हवं तर कापड, असं देता देता मी कधी तुमच्या शेजारी उकिडवी बसायला लागले ते मलाही आठवत नाही. शेजारच्या बायका बघायच्या. तुम्ही एकदा शांतपणे म्हणालात, "बघूं देत. पाहून कुणी शिकत असेल तर बरंच आहे."

तुम्ही शिकवताना फार बोलत नव्हता. गाडी आली की बोनेट लगेच उघडायचं नाही, हा पहिला नियम. मालकाला आत बसवून चालू करायला सांगायचं आणि आपण बाहेर उभं राहून ऐकायचं. स्टार्टर जोरात फिरतोय की कण्हतोय? कण्हत असेल तर बॅटरीकडे बघा. जोरात फिरूनही इंजिन उचलत नसेल तर बॅटरी बिचारी निरपराध आहे, तिला बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि सकाळचा आजार सकाळीच बघायचा, गाडी जिथे रात्री झोपते तिथे जाऊन, तिला कुणी उठवायच्या आधी. मागच्या गल्लीतले एक कारकून गाडी घेऊन यायचे होते, आणि मी मोठ्या शहाणपणाने त्यांना सांगितलं की दोन फेऱ्या मारून गरम करून आणा, म्हणजे मामांना त्रास नको. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा आणि शेवटचं रागावलात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "रोग्याला काढा पाजून, तोंड धुऊन, गंध लावून वैद्याकडे आणलंस. आतां वैद्य कसली नाडी बघेल? काय म्हणून तापवलीस?" मी खोलीत जाऊन भरपूर रडले. थोड्या वेळाने मामी कॉफीचा टंबलर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "त्यांनीच पाठवली, साखर जास्त घालून." मी ती कॉफी प्यायले आणि कानाला खडा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामींच्या स्वयंपाकघरात नारळ खवत बसले आहे आणि तुम्ही परसातून पपईच्या पानाचा देठ तोडून आणता. आतून पोकळ, वीतभर लांब. मामींच्या पाण्याच्या कुडमात, म्हणजे घागरीत, तो बुडवता, वरच्या टोकावर अंगठा दाबता आणि देठ बाहेर काढता. देठातलं पाणी पडत नाही. "अंगठा म्हणजे झडप," तुम्ही म्हणता. "टाकी मागें, खालीं. इंजिन पुढें, वर. पेट्रोल रात्रभर वर टिकतें तें ह्या अंगठ्यामुळें. अंगठा थकला की..." आणि तुम्ही अंगठा उचलता. पाणी सगळं मामींच्या ओट्यावर. मामी म्हणतात, "वंडी दुरुस्त करा, माझा ओटा नको." मी इतकी हसते की खवणीवर बोट कापून घेते. नंतर मी डिप्लोमा केला, ओरगडमच्या कारखान्यात सतरा वर्षं नव्या गाड्या तपासल्या, मोठमोठ्या खोल्यांत पडद्यांवर दाबाचे आलेख पाहिले. पण झडप म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून तुमचा तो अंगठा येतो, नखात काळं ग्रीस असलेला.

आणि मग तुमचीच गाडी सकाळी चालू होईना. छत्तीस वर्षं शहराच्या बस चालू करून दिलेला माणूस, आणि त्याच्या दारात गाडी खर्र खर्र करत उभी. दिव्याखाली अंधार, असं समोरचे वकील मोठ्याने म्हणाले आणि ते म्हणताना तमिळमधल्या तसल्याच म्हणीचा उपयोग केला, तेवढं तमिळ मला तोवर कळायला लागलं होतं. तुम्ही प्लग पुसले, पॉइंट घासले, वायरी बदलल्या. मामींना आठवड्यातून तीनदा सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागे आणि त्या रिक्षात बसायला घाबरत. एका सकाळी तुम्ही वीस मिनिटं झटत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, मामी मागच्या सीटवर डोळ्यांना पट्टी बांधून गप्प बसल्या होत्या आणि वकील कठड्यावर पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. शेवटी तुम्ही मामींना हाताला धरून उतरवलंत. तुमचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. मला तो सहन झाला नाही, मामा.

तो मार्गळी महिना होता, आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराचा. तुम्ही साडेचारला उठून भजनाच्या मंडळींबरोबर देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून गात जायचात आणि सहाला परत यायचात. मी पाचला उठून आवारातल्या हातपंपावर पाणी भरायची. गाडीची किल्ली मागच्या दाराजवळच्या खिळ्याला असायची. पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं, फक्त आजचा दिवस, मामींना दवाखान्यात जायचंय म्हणून. चोक ओढला, चार-पाच वेळा झटले आणि ती चालू झाली. पाणी भरून होईपर्यंत दहा मिनिटं चालू ठेवली, बंद केली, किल्ली खिळ्याला. साडेसहाला तुम्ही बसलात आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. आदल्या दिवशी तुम्ही एक वायर बदलली होती. तुम्ही उतरून मामींना म्हणालात, "वायरच होती." मामींनी संध्याकाळी शिऱ्यासारखी गोड केसरी केली आणि वकिलांच्या घरी आठवणीने वाटीभर दिली. आता दुसऱ्या दिवशी मी काय करणार होते? रोज पाचला उठले, रोज गाडी गरम केली. ज्यासाठी तुम्ही मला रागावला होता तेच मी तुमच्याशी महिनाभर केलं. तुम्ही भजनाहून यायचात, कपाळाला विभूती, गाडीजवळ थांबायचात, बोनेटवर तळहात ठेवायचात आणि मग तो हात डोळ्यांना लावायचात. बसवाले स्टिअरिंगला हात लावून डोळ्यांना लावतात तसं. मला वाटायचं तुम्ही गाडीला नमस्कार करताय, आणि मला फार अपराधी वाटायचं.

पोंगलनंतर आम्हाला पेरंबूरला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. निघताना तुम्ही मला तुमचा लांब स्क्रू-ड्रायव्हर दिलात, लाकडी मुठीचा, जो तुम्ही इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायचात. म्हणालात, "डोळ्यांवर फार भरंवसा ठेवूं नको." मी बसमध्ये बसले आणि पहिला विचार हा आला की उद्या सकाळी गाडी चालू होणार नाही आणि तुम्हाला सगळं कळेल. त्या भीतीने मी मैलापूरला आलेच नाही. पेरंबूर ते मैलापूर म्हणजे काही परदेश नव्हता. उद्या जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत सहा महिने गेले आणि आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, तुम्ही गेल्याचा निरोप आला.

मी मामींना भेटायला गेले. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, डोळे बरे झाले होते. म्हणाल्या, "तूं गेल्यावर आठवड्याभरांत त्यांनी वंडीचा पंप उघडला. झडप बदलली. मग शेवटपर्यंत एक दिवस तक्रार नाही." आणि म्हणाल्या, "तुला कार्ड टाकलं होतं. सोमवारीं सकाळीं पंप उघडणार आहें, तूं ये, गाडी गार ठेवतों, म्हणून. दुपारपर्यंत वाट पाहिली. मिळालं नाहीं का?" मी म्हटलं, "नाही मामी." त्या म्हणाल्या, टपालाचं काही खरं नाही, आणि उठून कॉफी करायला लागल्या.

आता वेलचेरीचं सांगते. कारखाना सोडल्यापासून मी हेच करते, सकाळी लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या गाड्या ऐकते. आमच्या भागात मला वंडी अक्का म्हणतात. तुम्हाला आवडलं असतं. गेल्या महिन्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा फोन आला. वय चौऱ्याहत्तर, घरी एकट्या. सगळी कॉलनी त्यांना टीचर म्हणते, मीही तेच म्हणते. मैलापूरला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे आणि टीचर आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेसहाला स्वतः गाडी चालवत जाऊन तिला अंघोळ घालतात, इडली भरवतात. गुडघ्यांमुळे शेअर ऑटोत चढता येत नाही. तीन महिने झाले, गाडी सकाळी चालू व्हायला त्रास देत होती. दोन गॅरेजांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाणी, कारण चालवत नेलेली. शेवटी गॅरेजवाल्याने परदेशातल्या मुलाला फोनवर सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही, अम्मांना आता वयामुळे जमत नसेल. मुलगा तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोच आहे. त्याने गिऱ्हाईक ठरवलं, रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार. टीचर मला म्हणाल्या, "मला एवढंच सांग, बिघाड गाडीत आहे की माझ्यात? माझ्यात असेल तर मी किल्ली देऊन टाकते." आमचं हे सगळं बोलणं तमिळमध्ये, पण 'माझ्यात' हा शब्द त्यांनी ज्या पद्धतीने उच्चारला तो कुठल्याही भाषेत कळला असता.

त्यात आणखी एक भानगड होती. आधी रोज होणारा त्रास शेवटच्या दोन आठवड्यांत रोज होत नव्हता. काही दिवस गाडी पटकन उठायची, काही दिवस नाही. म्हणून तर मुलाचा संशय पक्का झाला. बिघाड असता तर रोज झाला असता, हे त्याचं म्हणणं. आणि मशीनबद्दल एरवी ते बरोबरही आहे.

बुधवारी सकाळी सहाला मी गेले. गाडी तळघरात नव्हती, तळघराकडे उतरणाऱ्या उतारावर उभी होती, तोंड वर रस्त्याकडे करून. वेलचेरीत याचं कुणाला नवल वाटत नाही. एकदा पुराचं पाणी आलं तेव्हा टीचरांची आधीची गाडी तळघरात छपरापर्यंत बुडाली होती, तेव्हापासून पावसाळ्याचे महिने त्या गाडी उतारावरच ठेवतात. मी नेहमीसारखा बोनेटवर तळहात ठेवला. ही सवय मी तुमच्याकडून उचलली आहे. इतकी वर्षं प्रत्येक गाडीला आधी नमस्कार, मग काम. आणि हात डोळ्यांकडे नेताना मधेच थांबला. बोनेट कोमट होतं.

मामा, मी त्या उतारावर तशीच उभी राहिले. टीचर म्हणत होत्या, "करू का चालू?" आणि मला ते ऐकूही येत नव्हतं. ज्या माणसाचा पहिला नियम गाडी गार असताना बघायची, तो माणूस रोज सकाळी गाडीजवळ येऊन बोनेटवर हात कशाला ठेवेल? मी बेचाळीस प्रकारचे सेन्सर शिकले आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तीस वर्षं शिरली नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वायर बदलून असला आजार जात नाही हे तुम्हाला कळत नव्हतं थोडंच. तुम्ही हात ठेवत होता, कोमट लागत होतं, आणि तुम्ही तो हात डोळ्यांना लावत होता. पंप तुम्ही महिनाभर उघडला नाहीत, कारण उघडला असता तर मला पाचला उठायचं कारण उरलं नसतं. वकिलांसमोर तुमची लाज राखली असं मी समजत होते. राखत होता तुम्ही माझी.

टीचरांनी किल्ली फिरवली आणि गाडी लगेच चालू झाली. त्यांचा चेहरा पडला. "बघ," त्या म्हणाल्या, "तू आलीस की चालते. म्हणजे माझंच काहीतरी." फाटकाजवळ पन्नाशीचा वॉचमन बादली धरून आभाळाकडे बघत होता. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. कॉलनीतल्या गाड्या पुसायचं काम त्याच्याकडे, त्यामुळे किल्ल्याही त्याच्याकडे. मी टीचरांना म्हटलं, आज फक्त ऐकायचं होतं, उद्या पुन्हा येते. मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याला गाठलं.

"रोज किती वाजता चालू करतोस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "साडेपाचला, अक्का. माझी रात्रीची ड्यूटी असते त्या दिवशीच. पंधरा दिवसांपूर्वी गाडी चालू होईना म्हणून अम्मा आत बसून रडत होत्या. मी काच पुसायला गेलो होतो, त्यांनी मला पाहिलं नाही. मुलगा गाडी विकणार म्हणतो. मला वाटलं, रोज चालू झाली तर विकणार नाही."

"उद्या नको करूस."

"उद्या झाली नाही तर?"

"तेच तर हवंय मला."

त्याने चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "अम्मांना सांगणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. त्याला रागवायला मला तोंडच नव्हतं.

गुरुवारी बोनेट गार होतं, ओलसर गार. टीचरांनी किल्ली फिरवली. स्टार्टर दणक्यात फिरला, सहा, सात, आठ सेकंद, आणि इंजिन उठलं नाही. टीचर घाईघाईने पुन्हा फिरवायला लागल्या, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आता किल्ली अर्ध्यावरच थांबवा, स्टार्ट करू नका, आणि मागे काय ऐकू येतं ते ऐका. मी तुमचा स्क्रू-ड्रायव्हर टाकीजवळ टेकवून मूठ कानाला लावली. आतला पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला. किल्ली बंद. पुन्हा अर्ध्यावर. पुन्हा गुणगुण. असं तीनदा केलं, आणि चौथ्यांदा म्हटलं, आता करा चालू. गाडी अर्ध्या सेकंदात उठली. टीचरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग मी इंधनाच्या नळीला दाबमापक लावला, गाडी थोडी चालवून बंद केली आणि त्यांना खाली उतरवून काटा दाखवला. टिकून राहायला हवा असा तो काटा आमच्या डोळ्यांदेखत घसरत होता, दहा मिनिटांत तळाशी. पंपातली झडप दाब धरत नव्हती. रात्रभरात पेट्रोल मागे टाकीत, आणि गाडी उतारावर तोंड वर करून, म्हणजे त्याला जायला आणखी सोपं. पुरापासून गाडी वाचवायला टीचरांनी जे केलं त्यानेच आजार वाढवला होता. आवारात पपई होती. मी देठ तोडला, वॉचमनच्या बादलीत बुडवला आणि अंगठा दाबला.

टीचरांनी देठ माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चार वेळा करून पाहिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या शिक्षिका त्या, एकदा पाहून समाधान होईना. मग तिथेच उभ्या राहून मुलाला फोन लावला. "किल्ली अर्ध्यावर तीनदा, मग चालू करायची," त्या म्हणाल्या. "मला येतं. तुला येतं का?" पलीकडून तो म्हणाला, "रविवारचं मी रद्द करतो, अम्मा." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "पण मग मधले काही दिवस ती बरी कशी चालू व्हायची?" वॉचमन बादलीतलं पाणी झाडाला ओतायला लागला, सगळंच्या सगळं एकाच झाडाला. मी म्हटलं, "कधी कधी होतं तसं. झडप एखाद्या रात्री धरते." इतकं खोटं निदान मी कारखान्यात दिलं असतं तर हाकलून दिलं असतं. टीचर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग "अस्सं," म्हणाल्या आणि वर गेल्या. आता मला वाटतं, त्याही रोज बोनेटला हात लावत असाव्यात.

निघताना मी वॉचमनला म्हटलं, "शनिवारी सकाळी पंप उघडणार आहे. ये. शिकवते." बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले. तो शनिवारी आला, मामा. ड्यूटी संपवून, तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून. मागची सीट काढली, पंप बाहेर काढला, त्याने टॉर्च धरली आणि एकही प्रश्न न विचारता सगळं पाहिलं. नवा पंप बसला, काटा तासभर जागचा हलला नाही. तेव्हा कुठे तो हसला. रविवारी टीचर मला घेऊन मैलापूरला गेल्या, त्यांच्या बहिणीला इडली भरवली, आणि येताना मी त्यांना तुमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन मिनिटं थांबायला सांगितलं. तेव्हाच ती लिफ्ट पाहिली. वॉचमन आता दर शनिवारी माझ्याबरोबर येतो. मूठ कानाला लावून डोळे मिटतो. बरं ऐकतो, माझ्यापेक्षा धीराने.

मला वाटायचं ते कार्ड म्हणजे दटावणी. गाडी गार ठेवतों, म्हणजे आता कळलं मला तू काय करत होतीस. ते दटावणं नव्हतं. गाडी गारच असावी लागते, एवढाच त्याचा अर्थ होता. तुम्ही मला पंप दाखवायला बोलावत होता. वॉचमन आला तसं मी यायला हवं होतं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या पत्त्यावर आता लिफ्ट आहे, आणि मामीही राहिल्या नाहीत. तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरला मी कापडाची पिशवी शिवली आहे, त्या पिशवीत घडी करून ठेवते. तिथे तुमचं कार्ड आहे, कोपरे झिजलेलं, तुमच्या त्या तिरप्या अक्षरातलं. मामींना मी नाही म्हटलं होतं. मला ते शनिवारीच मिळालं होतं, मामा.